सल्लेखनेचा प्रश्न आणि स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागातून चालवला जाणारा ‘स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी’ हा महाजालावरील कोश आपल्याकडील तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना नावाने ठाऊक असतो, आणि नेट-सेटच्या तयारीत त्यांपैकी अनेकांनी तो कधी ना कधी उघडलेलाही असतो. परंतु पीएच.डी.च्या संशोधनाला तो कितपत पुरतो, त्यावर कुठवर विसंबावे आणि कुठे थांबावे, याची सविस्तर चर्चा मराठीत क्वचितच वाचायला मिळते. कोशाचे परीक्षण त्याच्या नोंदींची यादी चाळून करता येत नाही. एखादा खरा प्रश्न घेऊन त्याच्याकडे जावे लागते. म्हणून येथे मी एकच प्रश्न कसोटीसाठी घेतला आहे: जैन परंपरेतील सल्लेखना, म्हणजे आहार क्रमाने सोडत देह ठेवण्याचे व्रत, आणि आधुनिक नीतिशास्त्रातील स्वेच्छामरण, म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या इच्छेवरून दुसऱ्याने त्याचे जीवन संपवणे, यांचा संबंध काय? तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र आणि धर्माभ्यास या तिन्ही शाखांना स्पर्श करणारा हा प्रश्न आहे, आणि महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला तो दूरचा नाही. आचार्य शांतिसागर यांनी 1955 साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली, विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न, पाणी आणि औषध वर्ज्य करून देह ठेवला, आणि मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली दिलेला निकाल आपल्या देशातील निष्क्रिय दयामरणाच्या (जीवन टिकवणारे उपचार थांबवून मृत्यू येऊ देण्याच्या) चर्चेचा आरंभबिंदू ठरला.

प्रथम कोशाची घडण समजून घेतली पाहिजे, कारण त्याचे बहुतेक गुण आणि काही दोषही तिच्यातून आलेले आहेत. 1995 साली स्टॅनफर्डमधील भाषा व माहिती अभ्यास केंद्रात एडवर्ड झाल्टा यांनी हा कोश सुरू केला. तेव्हा केंद्राचे संचालक जॉन पेरी होते आणि मूळ सूचना त्यांची होती. आरंभी त्यात मोजक्याच नोंदी होत्या, आज त्या दीड हजारांच्या पुष्कळ पुढे गेल्या आहेत. प्रत्येक नोंद त्या विषयातील अभ्यासकाला निमंत्रण देऊन लिहून घेतली जाते, विषय-संपादक ती तपासतात, आणि प्रसिद्धीनंतरही ती अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी लेखकावरच राहते. नोंदीच्या माथ्यावर ती प्रथम कधी प्रसिद्ध झाली आणि तिच्यात शेवटची महत्त्वाची सुधारणा कधी झाली, या दोन्ही तारखा छापलेल्या असतात. वाचकाकडून पैसे घेतले जात नाहीत, नावनोंदणी करावी लागत नाही आणि जाहिराती नसतात. अनुदानांच्या जोडीला जगभरच्या ग्रंथालयांनी वर्गणी देऊन उभारलेला कायम निधी या मोफत सेवेच्या पाठीशी आहे. ज्ञानाच्या क्षेत्रात ग्रंथालयांनी एकत्र येऊन काय करता येते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आता प्रश्नाकडे वळतो. स्वेच्छामरणावरील नोंद ही या कोशातील सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक आहे. रॉबर्ट यंग यांनी लिहिलेली ही नोंद 1996 साली प्रथम प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर अनेकदा सुधारली गेली. तिची मांडणी संशोधनाला फार सोयीची आहे. स्वेच्छामरणाचे समर्थक ज्या पाच अटी सामान्यतः पुढे करतात, त्या लेखक आधी एकेक करून सांगतात: रोग मृत्यूकडे नेणारा असावा, उरलेल्या आयुष्यात त्यावर इलाज सापडून रुग्णाला लाभ होण्याची शक्यता नसावी, रोगामुळे असह्य वेदना असाव्यात किंवा जगणे कमालीचे परावलंबी व ओझ्यासारखे झालेले असावे, मरण्याची इच्छा टिकाऊ, ऐच्छिक आणि समजून-उमजून केलेली असावी, आणि मदतीवाचून स्वतःचे जीवन संपवणे त्या व्यक्तीला शक्य नसावे. त्यानंतर स्वेच्छामरणाच्या बाजूचा नैतिक युक्तिवाद येतो, आणि मग त्यावरचे पाच प्रमुख आक्षेप व त्यांची उत्तरे. ज्याने हा विषय प्रथमच हाती घेतला आहे, त्याला या एका नोंदीतून वादाचा संपूर्ण नकाशा मिळतो, आणि नंतर ग्रंथालयात कोणतेही पुस्तक उघडले तरी त्याचा लेखक या नकाशात कुठे उभा आहे, हे ओळखता येते.

येथेच एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. ही नोंद तटस्थ वर्णन नाही. लेखकाचा कल स्वेच्छामरणाच्या बाजूचा आहे, आणि आक्षेपांची मांडणी त्यांना उत्तर देण्याच्या हेतूने झालेली आहे. यात अप्रामाणिक असे काही नाही, कारण तत्त्वज्ञानाच्या कोशातील नोंद ही एका जाणकाराने स्वतःच्या नावाने केलेली मांडणी असते आणि तिला युक्तिवादाचे अंग असणे स्वाभाविकच आहे. पण आपल्याकडील विद्यार्थी कोशातील वाक्याला निर्णायक प्रमाण मानून ते प्रबंधात उतरवतात, तेव्हा वादातील एका पक्षाचे मत हे त्या शास्त्राचे मत म्हणून छापले जाते. नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते. ते नाव आणि त्याची इतर लेखनसूची पाहण्याची सवय मार्गदर्शकांनी पहिल्याच महिन्यात लावली पाहिजे.

आत्महत्येवरील मायकेल चोल्बी यांची नोंद आणि दुहेरी परिणामाच्या सिद्धांतावरील ॲलिसन मॅकिंटायर यांची नोंद या दोन्ही 2004 सालच्या. आपल्या प्रश्नासाठी दुसरी अधिक मोलाची आहे. एखाद्या कृतीचा वाईट परिणाम आपल्याला आधी दिसत असला तरी तो आपला हेतू नसेल, तर ती कृती काही अटींवर क्षम्य ठरू शकते, हा विचार सामान्यतः थॉमस अक्वायनस यांच्या आत्मसंरक्षणाच्या विवेचनापर्यंत मागे नेला जातो. वेदना शमवण्यासाठी दिलेल्या औषधाने मृत्यू लवकर आला तर डॉक्टरने मारले असे म्हणायचे का, हा रुग्णालयातला प्रश्न याच सिद्धांताच्या आधाराने चर्चिला जातो. नोंद वाचताना सिद्धांताची एकच सर्वमान्य आवृत्ती नाही, हे ध्यानात येते. हेतू आणि पूर्वज्ञान यांतील भेद खरोखर नैतिक वजनाचा आहे का, यावर किती तऱ्हांनी शंका घेतल्या गेल्या आहेत हेही कळते. ही नोंद मी विद्यार्थ्यांना दोनदा वाचायला सांगतो, आणि दुसऱ्या वाचनात प्रत्येक उदाहरणाच्या जागी सल्लेखना ठेवून पाहायला सांगतो.

कारण तसे करताच खरा प्रश्न उभा राहतो, आणि तो कोशात लिहिलेला नाही. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातील सातव्या अध्यायात मरणसमयीची सल्लेखना प्रीतीने स्वीकारावी असे सांगितले आहे, आणि त्याच अध्यायात सल्लेखनेचे अतिचारही, म्हणजे व्रताला लागणारे दोषही, मोजले आहेत: जगण्याची आकांक्षा, मरणाची आकांक्षा, मित्रांविषयीची आसक्ती, भोगलेल्या सुखांचे स्मरण आणि पुढील जन्मातील भोगांची अपेक्षा. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेचे प्रसंग दिले आहेत: उपसर्ग (बाहेरून ओढवलेले संकट), दुष्काळ, वार्धक्य आणि आजार, यांवर प्रतिकाराचा उपाय उरला नसेल तेव्हा धर्मासाठी देह सोडणे म्हणजे सल्लेखना. आहार एकदम तोडायचा नसून क्रमाक्रमाने कमी करत न्यायचा, असा त्याचा विधीही तेथे आहे. ही दोन्ही वचने यंग यांच्या पाच अटींशेजारी ठेवून पाहावीत. तेथे मरण्याची टिकाऊ इच्छा ही आवश्यक अट आहे. येथे मरणाची इच्छा हाच व्रताला लागणारा दोष आहे. तेथे दुसऱ्याची मदत अपरिहार्य असणे ही अट आहे. येथे मृत्यू देणारा दुसरा कोणी नाही, आणि गुरू किंवा निर्यापक (व्रत पार पाडण्यास साहाय्य करणारा मुनी) असतो तो व्रताला स्थैर्य देण्यासाठी. मग हा स्वेच्छामरणाचा प्रकार मानायचा की नाही? आणि मृत्यू येणार हे जाणून, त्याची इच्छा न धरता आहार सोडणे हे दुहेरी परिणामाच्या सिद्धांतात बसते का, की तेथे मृत्यू हा परिणाम नसून साधनाचाच भाग होतो? प्रबंध येथून सुरू होतो. कोशाने विद्यार्थ्याला या जागेपर्यंत आणून सोडले, हे त्याचे मोठे काम आहे. पुढची वाट मूळ ग्रंथांतून जाते आणि ती विद्यार्थ्यालाच चालावी लागते.

जैन बाजूने कोश काय देतो? मारी-हेलेन गोरिस यांनी लिहिलेली जैन तत्त्वज्ञानावरील नोंद 2023 साली प्रथम प्रसिद्ध झाली. नोंद उत्तम आहे. अनेकान्तवाद (वस्तूला अनेक बाजू असतात हे मत) आणि नयविचार (एकेका दृष्टिकोनातून तिच्याकडे पाहण्याचा विचार) यांची तिच्यातली मांडणी काळजीपूर्वक केलेली आहे, आणि जैन ज्ञानमीमांसेवर काम करणाऱ्याला तिची संदर्भसूची हाताशी असलीच पाहिजे. पण तारखांकडे लक्ष द्या. स्वेच्छामरण 1996, जैन तत्त्वज्ञान 2023. शंकराचार्यांवरील स्वतंत्र नोंददेखील 2021 सालची आहे. अडीच दशकांहून अधिक काळ जगातला सर्वांत विश्वासार्ह मानला जाणारा तत्त्वज्ञानकोश शंकराचार्यांच्या स्वतंत्र नोंदीवाचून चालू होता, आणि त्या काळात शिकलेल्या पिढ्यांनी तत्त्वज्ञानाचा विस्तार किती आहे, याचा अंदाज त्याच्यावरून बांधला. ही त्रुटी लहान नाही. ती भरून काढण्याचा प्रयत्न कोशाने गेल्या काही वर्षांत निश्चित केला आहे, हेही तितकेच खरे. अभिजात भारतीय तत्त्वज्ञानातील ज्ञानमीमांसा आणि गंगेश यांवरील स्टीफन फिलिप्स यांच्या नोंदी, तर्कशास्त्रावरील ब्रेंडन गिलन यांची नोंद, नागार्जुनावरील यान वेस्टरहॉफ यांची, धर्मकीर्तीवरील टॉम टिलेमन्स यांची, आणि भारतीय निसर्गवादावरील अमिता चॅटर्जी यांची नोंद, यांतील कोणतीही नोंद आपल्या पदव्युत्तर वर्गात संपूर्ण वाचून घेण्याच्या योग्यतेची आहे. तरीही एकंदर पाहता ज्ञानमीमांसा, तर्क आणि बौद्ध विचार यांच्याकडे झुकते माप आहे. भारतीय परंपरांतील व्रत, प्रायश्चित्त, संन्यास आणि धर्मशास्त्रातील नैतिक विचार यांवर काम करणाऱ्याला हाती कमी लागते. पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास ज्या ग्रंथालयात आहे, तेथल्या विद्यार्थ्याने आधी त्याचे खंड उघडावेत आणि मग कोशाकडे यावे, असे माझे मत आहे.

धर्माभ्यासाच्या विद्यार्थ्यासाठी या सेवेची मर्यादा आणखी स्पष्ट आहे. कोश तत्त्वज्ञानाचा आहे, त्यामुळे धर्म त्यात येतो तो सिद्धांत आणि युक्तिवाद यांच्या रूपाने. ईश्वराच्या अस्तित्वाची प्रमाणे, दुःखाचा प्रश्न, धार्मिक विविधता, श्रद्धा आणि पुरावा यांवर तेथे विपुल सामग्री आहे. धर्म या संकल्पनेवरील केव्हिन शिलब्रॅक यांची 2022 सालची नोंद तर मी विशेष आग्रहाने सुचवीन. धर्माची व्याख्या त्याच्या आशयावरून करायची की त्याच्या कार्यावरून, एकच समान लक्षण शोधायचे की कुलसाम्याने, म्हणजे एकाच कुटुंबातील माणसांत दिसते तशा अंशतः जुळणाऱ्या साम्यांनी, भागवायचे, या वादाची मांडणी तिच्यात आहे. सल्लेखनेच्या प्रश्नाला तिचा थेट उपयोग होतो. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये संथारा (सल्लेखनेचेच दुसरे नाव) हा दंडनीय ठरवला, तेव्हा ती प्रथा जैन धर्माचा अत्यावश्यक भाग असल्याचे सिद्ध होत नाही, ही भूमिका निर्णायक ठरली होती; सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्याच्या अखेरीस त्या निकालाला स्थगिती दिली. धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता हे न्यायालय ठरवते, तेव्हा त्याने धर्माची कोणती व्याख्या गृहीत धरलेली असते, हे शिलब्रॅक यांची नोंद वाचून निकालपत्राकडे गेलेल्या विद्यार्थ्याला दिसू लागते. निकालपत्रे मात्र मुळातूनच वाचावीत. 2011 चा शानबाग निकाल आणि सन्मानाने मरण्याचा हक्क व जीवनेच्छापत्र (अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणे) यांना मान्यता देणारा 2018 चा निकाल हे दोन्ही इंग्रजीत सहज उपलब्ध आहेत, आणि त्यांतील तात्त्विक युक्तिवाद दुसऱ्या कोणाच्या सारांशातून घेण्याचे काहीच कारण नाही.

पण सल्लेखना घेतलेल्या व्यक्तीभोवती काय घडते? कुटुंबाची संमती कशी मिळते, मुनिसंघाची भूमिका काय असते, कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन शेतकरी घरांत या व्रताविषयी बायका काय बोलतात आणि पुरुष काय बोलतात, व्रत पूर्ण झाल्यावर स्मृती कशी जपली जाते? श्रवणबेळगोळच्या टेकडीवर शतकानुशतके कोरलेले सल्लेखनेचे लेख आहेत, आणि ते ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या दुसऱ्या खंडात छापलेले आहेत. कोण, कोणत्या कुळातले, कुणाचे शिष्य, किती दिवसांच्या उपवासानंतर, अशी त्यांतील माहिती कोणत्याही सिद्धांतापेक्षा वेगळ्या तऱ्हेने बोलते. हे सारे तत्त्वज्ञानकोशाच्या कक्षेत येत नाही, आणि त्याने ते द्यावे अशी अपेक्षा धरणेही योग्य नाही. अडचण होते ती धर्माभ्यासाचा विद्यार्थी या कोशालाच आपल्या क्षेत्राचा आरसा समजतो तेव्हा. तसे झाले की व्रत नाहीसे होते आणि उरते ती व्रताची व्याख्या. धर्माभ्यासाच्या प्रबंधात या कोशाने एका प्रकरणापुरती सोबत करावी. सर्व प्रकरणांत त्याचेच संदर्भ दिसू लागले, तर प्रबंधाचा विषय बदलला आहे असे मार्गदर्शकाने समजावे.

माझ्या मते या सेवेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य तिच्या संग्रहात आहे, आणि विद्यार्थी त्याचा जवळजवळ उपयोगच करत नाहीत. दरवर्षी 21 मार्च, 21 जून, 21 सप्टेंबर आणि 21 डिसेंबर या सुमारास संपूर्ण कोशाची एक स्थिर आवृत्ती जतन केली जाते, आणि 1997 पासूनच्या अशा आवृत्त्या वाचता येतात. याचे दोन उपयोग आहेत. पहिला संदर्भ देण्याचा. नोंद बदलत राहते, त्यामुळे आज उद्धृत केलेले वाक्य प्रबंध परीक्षकाकडे जाईपर्यंत तेथे असेलच असे नाही. म्हणून संदर्भ नेहमी स्थिर आवृत्तीचा, ऋतू आणि वर्ष नमूद करून द्यावा. प्रत्येक नोंदीसोबत तो संदर्भ कसा लिहायचा हेही सांगितलेले असते. दुसरा उपयोग त्याहून महत्त्वाचा आहे. एकाच नोंदीची जुनी आणि नवी रूपे शेजारी ठेवून वाचली, तर एखाद्या वादाचा इतिहास डोळ्यांसमोर येतो. स्वेच्छामरणाची नोंद प्रथम लिहिली गेली तेव्हा अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याचा कायदा अजून अमलात यायचा होता. नेदरलँड्स आणि बेल्जियम यांचे कायदे 2002 साली अमलात आले, कॅनडाचा 2016 साली आला. कायदे बदलले तसे नोंदीतील आक्षेपांचे वजनही बदलत गेले. एकदा परवानगी दिली की घसरण थांबणार नाही, हा आक्षेप कायद्याआधी भाकितासारखा मांडला जात होता. कायदे झाल्यावर त्याला आकडेवारीने तपासणे शक्य झाले. पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचे प्रकरण लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने हा अभ्यास एका नोंदीपुरता जरी केला, तरी त्या प्रकरणाला नुसत्या पुस्तकांच्या यादीपलीकडचा अर्थ येतो.

भाषेविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. नोंदी इंग्रजीत आहेत, लांबलचक आहेत, आणि बऱ्याचशा पदव्युत्तर वाचकाला धरून लिहिलेल्या आहेत. तर्कशास्त्राच्या नोंदींत चिन्हांची भाषा कसलीही पूर्वसूचना न देता येते. मराठी माध्यमातून बी.ए. केलेल्या आणि इंग्रजी वाचनाचा सराव नसलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या दोन परिच्छेदांतच आपण या विषयाच्या योग्यतेचे नाही असे वाटू लागते, आणि हे वाटणे मी अनेक हुशार मुलामुलींच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. त्यांना माझे सांगणे असे की, नोंद वरून खाली वाचू नये. आधी अनुक्रम वाचावा, मग आपल्या प्रश्नाशी संबंधित एकच उपविभाग, मग त्या उपविभागात आलेली नावे संदर्भसूचीत शोधावीत. पूर्ण नोंद त्यानंतर. ज्यांना हेही जड वाटेल त्यांनी ‘इंटरनेट एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी’ हा दुसरा मोफत कोश आधी पाहावा. तोही 1995 सालीच जेम्स फीझर यांनी सुरू केला, त्याची भाषा तुलनेने सोपी असते, आणि तेथून स्टॅनफर्डच्या कोशाकडे येणे सुकर होते.

मराठीत लिहिणाऱ्या संशोधकाने आणखी एक गोष्ट शेजारी ठेवावी. दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश 1974 साली तीन खंडांत प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य आणि भारतीय या दोन्ही परंपरांची परिभाषा मराठीत घडवण्याचे जे काम त्या कोशाने केले, त्याला आजही पर्याय नाही, आणि मराठी प्रबंधातील प्रत्येक पारिभाषिक शब्द आधी त्यात पाहून घ्यावा असे मी म्हणेन. परंतु तो कोश 1974 साली जेथे थांबला, तेथेच आहे. त्यातल्या नोंदींनंतर अर्धशतकाची तत्त्वचर्चा होऊन गेली, आणि तिची दखल घेणारी यंत्रणा त्या प्रकल्पाला मिळाली नाही. स्टॅनफर्डचा कोश पाहताना मला हेवा वाटतो तो याच गोष्टीचा. विद्वत्तेत वाडेकरांची पिढी कुठेही उणी नव्हती. उणीव होती ती नोंद लिहिणाऱ्याला चार-पाच वर्षांनी पुन्हा बोलावून ‘आता काय बदलले ते लिहा’ असे सांगणाऱ्या कायमस्वरूपी संपादकमंडळाची, आणि त्या मंडळाचा खर्च सतत चालवणाऱ्या निधीची. मराठी विश्वकोशाने विषयवार ज्ञानमंडळे स्थापून महाजालावर नव्या नोंदी लिहून घेण्याचे काम हाती घेतले आहे, ते या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. आपल्या विद्यापीठांतील तत्त्वज्ञान विभागांनी ते परक्या कोणाचे काम समजू नये. पीएच.डी. पूर्ण झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधविषयावर एक मराठी नोंद लिहावी, लेखकाचे नाव आणि तारीख घालून, आणि ती सुधारत राहावे, एवढी प्रथा जरी पडली तरी दहा वर्षांत चित्र बदलेल असा मला विश्वास वाटतो.

कोशाच्या काही व्यावहारिक बाजू थोडक्यात. शोधाची सोय चांगली आहे, पण संस्कृत नावांसाठी रोमन लिपीतील उच्चारचिन्हांसह आणि त्यांवाचून, असे दोन्ही प्रकारे शोधून पाहावे. मुद्रणासाठी नीट मांडलेली पीडीएफ प्रत कोशाच्या मित्रमंडळाचे सभासद झालेल्यांनाच मिळते. त्या मंडळाची वार्षिक वर्गणी विद्यार्थ्यांसाठी अल्प आहे, आणि नुसत्या वाचनासाठी सभासदत्वाची गरज नाही. नियोजित नोंदींची यादीही कोश उघडपणे प्रसिद्ध करतो. विषय निवडण्याच्या टप्प्यावर ती जरूर पाहावी, कारण ज्या विषयावर नोंद व्हावी असे संपादकांना वाटते, त्या विषयावर काम करायला जागा आहे असा तिचा एक अर्थ होतो. प्रत्येक नोंदीतून ‘फिलपेपर्स’ या सूचीकडे जाणारा दुवा दिलेला असतो. डेव्हिड बुर्जे आणि डेव्हिड चामर्स यांनी 2009 साली सुरू केलेल्या या सूचीत तत्त्वज्ञानातील लेख व पुस्तके विषयवार लावलेली आहेत, आणि पुष्कळ लेखांच्या लेखकांनी स्वतः ठेवलेल्या मोफत प्रती तेथून मिळतात.

संदर्भसूचीतील उरलेले लेख मिळवणे ही आजवर आपल्या विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी अडचण होती, कारण कोश मोफत असला तरी त्याने सुचवलेली नियतकालिके मोफत नव्हती. जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेने शासकीय उच्च शिक्षणसंस्थांपुरती ही स्थिती बरीच पालटली आहे. सुमारे 30 प्रकाशकांची जवळजवळ 13,000 नियतकालिके तिच्याखाली येतात. आपल्या संस्थेत ती चालू आहे का, आणि घरून तिचा वापर कसा करायचा, हे ग्रंथपालांना विचारून घ्यावे. याच योजनेचे काम पाहणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा ‘शोधगंगा’ हा प्रबंधसंग्रहही विषय पक्का करण्यापूर्वी तपासावा. स्टॅनफर्डचा कोश जगातील वाद सांगतो, पण सल्लेखनेवर उदयपूरला, धारवाडला किंवा कोल्हापूरला कोणी प्रबंध लिहिला असेल तर ते सांगणे त्याच्या आवाक्यात नाही. शोधगंगेत शोधताना विषय मराठीत देवनागरीतून, रोमन लिपीतून आणि इंग्रजीतून असा तिन्ही रीतींनी टाकून पाहावा, आणि सल्लेखनेबरोबर संथारा व समाधिमरण हे शब्दही घ्यावेत, कारण प्रत्येक विद्यापीठाने शीर्षके आपापल्या पद्धतीने नोंदवलेली असतात.